स्मृतीची मागणी आणि गुणाकाराची फसगत

मोटारीच्या अंतरमापकाला पाचच घरे असली, तर ९९९९९ नंतर पुन्हा ००००० येतात. लाख किलोमीटर धावलेली गाडी मापकाच्या लेखी अगदी नवी ठरते. संगणकातील पूर्णांकांचेही असेच आहे. या साध्या गोष्टीने मोठे अनर्थ घडविले असल्याने आपल्या विद्यार्थ्यांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

१९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' ही भाषा घडविली. या भाषेत माहिती ठेवण्यासाठी संगणकाच्या स्मृतीतील जागा 'मॅलॉक' या फंक्शनकडे मागावी लागते. वस्तूंची संख्या गुणिले एका वस्तूचा आकार, इतके बाइट मागायचे. हा गुणाकार बरोबर आहे की नाही, हे मॅलॉक पाहत नाही.

३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४२९४९६७२९५ आहे. प्रत्येकी ४ बाइटांच्या १०७३७४१८२५ वस्तूंसाठी ४२९४९६७३०० बाइट हवेत. पण मापक फिरते आणि उत्तर उरते अवघे ४! जागा चार बाइटांची मिळते, प्रोग्राम मात्र कोट्यवधी वस्तू लिहीत सुटतो. शेजारची माहिती पुसली जाते आणि जाणता हल्लेखोर तेथे आपल्या सोयीचे लिहून संगणकाचा ताबा घेऊ शकतो.

दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करता यावे म्हणून बनविलेल्या 'ओपनएसएसएच' या प्रोग्राममध्ये जून २००२ मध्ये हाच दोष उघडकीस आला. पलीकडून आलेली उत्तरांची संख्या न तपासताच गुणाकारात घेतली होती. पुढच्या ३.४ आवृत्तीत, ही संख्या १०० पेक्षा अधिक असल्यास काम थांबवावे, अशी अट घालण्यात आली. त्याच वर्षी, संख्या आणि आकार वेगवेगळे घेऊन स्वतः गुणाकार करणाऱ्या 'कॅलॉक' या फंक्शनमध्येही अनेक ठिकाणी तोच दोष आढळला.

यावर उपाय प्राथमिक शाळेतल्या भागाकाराचा आहे. गुणाकार करण्याआधी सर्वांत मोठ्या संख्येला वस्तूच्या आकाराने भागावे. वस्तूंची संख्या त्या भागाकाराहून मोठी असेल तर मागणी नाकारावी. २०१४ मध्ये 'ओपनबीएसडी'च्या मंडळींनी हीच तपासणी 'रीअ‍ॅलॉकअ‍ॅरे' या फंक्शनमध्ये कायमची बसविली. २०२४ च्या पॉझिक्स मानकानेही ते स्वीकारले.

६४ बिटांच्या यंत्रांनी मर्यादा फार लांब नेली, पण ती नाहीशी केलेली नाही. विद्यार्थी मित्रांनो, भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो. तो वेळेवर करण्याची शिस्त मात्र जाणत्यांनाही कष्टाने लावून घ्यावी लागली. परक्याने दिलेला आकडा आधी पारखावा, मगच हिशेबात घ्यावा.