पहिल्या केमोआधी

1949 साली लंडनच्या मिल हिल भागातल्या वैद्यकीय संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स कोंबड्याचं वीर्य गोठवून पाहत होते. साखरेच्या द्रावणात गोठवलेले शुक्राणू काही केल्या जगत नव्हते. काही महिन्यांनी त्याच द्रावणाची म्हणून शीतपेटीत ठेवलेली जुनी बाटली काढली आणि या खेपेला शुक्राणू चक्क वळवळू लागले! उरलंसुरलं द्रावण तपासलं, तर त्यात साखर नव्हतीच. होतं ग्लिसरीन आणि अंड्यातलं अल्ब्युमिन. बाटलीवर लेबल भलतंच लागलं होतं. गोठताना होणाऱ्या इजेपासून पेशीला वाचवणारा पदार्थ असा हाती आला. 1953 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात रेमंड बंज आणि जेरोम शर्मन यांनी गोठवलेल्या मानवी वीर्यातून गर्भधारणा झाल्याचं जाहीर केलं.

वृषणाच्या कर्करोगाच्या रुग्णाला मात्र तेव्हा या शोधाचा फारसा उपयोग नव्हता. हा रोग गाठतो तो मुख्यतः पंधरा ते पस्तीस-चाळीस वयातल्या पुरुषांना, आणि तो शरीरात पसरला की त्या काळी बहुतेक जण दगावत. जीव वाचण्याचीच शाश्वती नसताना मुलाबाळांचा विचार कोण करणार?

चित्र बदललं 1974 साली. इंडियानापोलिसमध्ये लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे औषध आणखी दोन औषधांच्या जोडीने दिलं आणि मरणाच्या दारातले तरुण बरे होऊन घरी जाऊ लागले. पण वाचलेल्यांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. या औषधोपचाराने, म्हणजे केमोने, शुक्राणू तयार होणं मंदावतं, कधी कायमचं थांबतं. शस्त्रक्रियेत पोटातल्या लसिकाग्रंथी काढताना नसा कापल्या गेल्या, तर वीर्य बाहेरच येत नाही. त्या नसा वाचवणारी शस्त्रक्रिया पुढे जॉन डोनोह्यू यांनी इंडियानातच घडवली.

उपचारांआधीच वीर्य गोठवून ठेवणं हा यावरचा उपाय. त्यातही अडचण अशी, की या रोगात उपचारांआधीच अनेकांचे शुक्राणू कमी झालेले असतात. गोठवलेला पातळ नमुना वापरून गर्भ राहणं कठीण जाई. 1992 मध्ये ब्रसेल्सच्या जानपिएरो पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या, आणि जुन्या, कमजोर नमुन्यांचंही मोल वाढलं. इंग्लंडमध्ये 1979 साली सतरा वर्षांच्या एका मुलाचं वीर्य उपचारांपूर्वी गोठवलं होतं; तब्बल 21 वर्षं जपलेल्या त्या नमुन्यातून त्याला मूल झालं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने 1996 मध्ये केमोआधी वीर्य साठवलं आणि 1999 मध्ये त्याच्या मुलाचा जन्म झाला.

विज्ञान तयार होतं, कमी पडलं ते बोलणं. रुग्णाशी हा विषय डॉक्टरांनी उपचारांआधीच काढावा, असं अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने लेखी मार्गदर्शनात सांगितलं ते 2006 साली. नमुना द्यायला वेळ फार लागत नाही, आड येतो तो संकोच. घरातल्या तरुणाला हा आजार निघाला, तर केमोची तारीख घेण्याआधी वीर्य साठवण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मुलगा अविवाहित असला, तरीही विचारा.