तपकिरीची कुपी

मागच्या वेळी आपण बँकेच्या कागदपत्रांबद्दल बोललो. आज आम्ही अगदी वेगळा विषय घेतला आहे. चीन देशातल्या तपकिरीच्या जुन्या कुप्या, आणि त्या जमवणारी माणसं. हसू नका. हा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो. एका रडत्या फोनवरून तो आमच्या गटात आला.

आमच्या गटातल्या एका मावशींची लेक मुंबईला एका आजींकडे घरकाम करते. आजी निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या काचेच्या कपाटात बोटभर उंचीच्या वीस-बावीस बाटल्या मांडलेल्या आहेत. दिवाळीच्या साफसफाईत पोरीनं त्यातली एक साबणाच्या पाण्यात विसळली. बाटलीच्या आतल्या बाजूला डोंगर, झाड आणि होडी असं चित्र होतं. पाणी ओतलं तसं चित्रही ओघळून बाहेर आलं. काळपट पाणी मोरीत गेलं आणि हातात कोरी काच राहिली. तिनं आईला फोन केला, "माझा पगार जाणार, कामही जाणार." त्या दिवशी आमच्या गटाची बैठक होती. एवढ्याशा बाटलीचे किती पैसे भरावे लागतील, त्यासाठी गटातून कर्ज काढावं लागेल का, इथपर्यंत आमचं बोलणं गेलं.

संध्याकाळी दुसरा फोन आला. आजी रागावल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आतून पाणी लावायचं नाही, हे मी सांगायला हवं होतं. चूक माझी. ही मी घेतलेली पहिली बाटली. शंभर वर्षांची म्हणून घेतली आणि नवीच निघाली. फसले ते लक्षात राहावं म्हणून ठेवली होती." त्या दिवसापासून आजी तिच्या हातात एकेक कुपी देतात आणि तिची हकिकत सांगतात. पोरगी ती आईला सांगते, आणि आई आम्हाला. मग आम्हीही थोडं वाचलं, थोडं विचारलं. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

तपकीर म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तंबाखूची बारीक पूड, डबीतून चिमूटभर घ्यायची आणि नाकात ओढायची. तिच्यावरूनच आपण तपकिरी रंग म्हणतो. पण तंबाखू मूळची आपलीही नाही आणि चीनचीही नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांनी ती जहाजांतून आशियात आणली. आपल्या दख्खनमध्ये ती विजापूरला पोचली होती. तिथूनच असद बेग नावाच्या सरदारानं ती अकबर बादशहाच्या दरबारात नेली. चीनमध्ये ती फिलिपिन्स बेटांवरून गेली.

चीनमध्ये चिलीम ओढण्यावर १७व्या शतकात वेळोवेळी कडक बंदी आली. तपकिरीला मात्र लोक औषध समजायचे. सर्दी जाते, डोकं उतरतं, पोट बरं राहतं, असं म्हणायचे. १६८४ साली कांगशी बादशहा नानजिंग शहरात आला, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरूंनी त्याला नजराणा दिला. त्यानं बाकीच्या वस्तू परत केल्या आणि तपकीर तेवढी ठेवून घेतली. बादशहानं ठेवली म्हटल्यावर दरबाऱ्यांनी ती घेतली, आणि दरबारातून हळूहळू ती गावागावांत गेली.

युरोपात तपकीर डबीत ठेवत. चीनच्या दमट हवेत डबीतली तपकीर सर्दावायची. तिथं औषधासाठी छोट्या बाटल्या आधीपासून होत्याच. लोकांनी त्याच घेतल्या. तोंड बारीक, वर घट्ट बूच, आणि बुचालाच आतून लावलेला लांबट चमचा, तळापर्यंत पोचणारा. बूच काढलं की चमच्यावर तपकीर वर येते. ती अंगठ्याच्या नखावर किंवा छोट्या बशीत घ्यायची. कुपी मुठीत मावते. सोय पाहून केलेली वस्तू, पण पुढे तिच्यावर काय काय कलाकुसर झाली ते ऐका.

१६९६ साली कांगशीनं राजवाड्यात काचेचा कारखाना काढला. किलियन स्टुम्फ या जर्मन धर्मगुरूनं तो उभारून दिला. तिथल्या काचेच्या कुप्या बादशहा मानाची भेट म्हणून देई. मग चिनीमातीच्या आल्या. अकीक, स्फटिक, जेड, प्रवाळ, अंबर, लाख, बांबू, अगदी भोपळ्याच्याही कुप्या झाल्या. काही काचेच्या कुप्यांवर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर देत आणि तो कोरून नक्षी काढत. अकिकाच्या काही कुप्या तर अशा की कारागिरानं त्या बारीक तोंडातून अवजार घालून दगड आतून पार पोखरलेला. बाजू इतक्या पातळ की बूच लावून पाण्यात सोडली तर ती दगडाची कुपी तरंगते.

चित्रांनाही अर्थ असतो. वटवाघूळ घरात शिरलं तर आपण दचकतो. चिनी भाषेत मात्र वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन्ही शब्दांचा उच्चार 'फू' असाच आहे, म्हणून कुपीवर वटवाघूळ शुभ. मासा आणि भरभराट या शब्दांचाही उच्चार एक, म्हणून मासा शुभ. मंगोलियात आजही पाहुणा आला की यजमान आणि पाहुणा आपापली कुपी एकमेकांच्या हातात देतात, थोडी हुंगतात आणि परत करतात. आपल्याकडे पानसुपारी पुढे करतात, तसाच हा रिवाज.

आता आमच्या पोरीनं धुतलेल्या चित्राकडे येऊ. १९व्या शतकात चीनमध्ये काचेच्या आणि स्फटिकाच्या कुप्यांना आतून रंगवण्याची कला निघाली. आधी कुपीत बारीक लोखंडी चुरा आणि पाणी घालून ती खूप वेळ हलवायची, म्हणजे आतली काच खरखरीत होते आणि रंग धरते. मग टोक वाकवलेली बांबूची बारीक काडी तोंडातून आत घालायची आणि शाई व पाण्याच्या रंगांनी चित्र काढायचं. तेही उलटं, कारण पाहणारा बाहेरून पाहतो. रंग पाण्याचे, म्हणून पाणी लागलं की चित्र गेलं. आम्ही हे ऐकलं आणि पोरीची काही चूक नव्हती हे आम्हाला कळलं. सांगितल्याशिवाय हे कुणाला कळणार?

या कलेची पुढची गोष्ट आम्हाला सगळ्यात जवळची वाटली. पेकिंगमध्ये ये नावाचं एक घराणं हे काम करी. विद्या घराबाहेर द्यायची नाही, असा त्यांचा रिवाज होता. १९५०च्या दशकात सरकारी कलासंस्थेत काम करताना त्या घरातल्या भावांनी बाहेरच्या शिष्यांना शिकवलं. त्यांतला एक वांग शीसान. चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत तो हेबेई प्रांतातल्या आपल्या गावाकडे परतला आणि तिथल्या लोकांना शिकवू लागला. आज त्या हंगश्वेई भागात या कामावर कितीतरी घरं चालतात. २००६ साली चीन सरकारनं तिथल्या या कलेची राष्ट्रीय वारशात नोंद केली. एका घरात कोंडलेली विद्या दुसऱ्याला दिली, म्हणून ती जगली.

१९१२ साली चीनमधली बादशाही संपली. सिगारेट आली, तपकीर मागे पडली. कुप्या रिकाम्या झाल्या आणि बाजारात आल्या. परदेशी प्रवासी त्या घेऊ लागले. त्यांतूनच संग्राहक तयार झाले. अमेरिकेत लिला पेरी नावाच्या बाईंनी आपल्या संग्रहावर १९६० साली पुस्तक छापलं. एका संग्राहकाची धाडसं आणि अभ्यास, असंच त्याचं उपनाव आहे. १९६८ साली अमेरिकेत अशा लोकांनी आपली संस्था काढली. ते दरवर्षी जमतात, कुप्या एकमेकांना दाखवतात, नियतकालिक काढतात. म्हणजे त्यांचाही गटच की!

किमतीचं ऐकाल तर डोळे फिरतील. २०११ साली हाँगकाँगच्या लिलावात चियनलुंग बादशहाच्या काळातली मीनाकाम केलेली काचेची एक कुपी अडीच कोटी हाँगकाँग डॉलरला गेली. त्या वेळच्या हिशेबानं १५ कोटी रुपयांहून जास्त. पण तशी कुपी लाखात एक. आजींच्या कपाटातल्या सगळ्या कुप्या मिळून त्यांच्या एका महिन्याच्या पेन्शनएवढ्याही किमतीच्या नाहीत, असं त्या स्वतःच सांगतात.

मग नव्या माणसानं सुरुवात कशी करावी? आजी पहिल्या बाटलीत फसल्या, त्यानंतर शिकल्या. त्यांनी पोरीला सांगितलेलं आम्ही इथे सांगतो.

आधी पाहायचं, मग घ्यायचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी आणि जपानी कलावस्तूंचं दालन आहे. फसल्यावर आजी तिथं जाऊन नुसतं पाहत बसायच्या. खरं काम डोळ्यांत बसलं की खोटं खुपायला लागतं.

बुडावरच्या शिक्क्यावर विसंबायचं नाही. जुन्या बादशहाचं नाव नव्या कुपीवरही घालतात, आणि ही चाल तिकडे शेकडो वर्षांची आहे.

वस्तू हातात घ्यायची. दगड गार लागतो आणि गारच राहतो, प्लॅस्टिक लगेच हाताएवढं कोमट होतं. तोंडाची कड पाहायची, उजेडासमोर धरून आत पाहायचं. दगड नीट पोखरला आहे की नुसतं सरळ भोक पाडलं आहे, ते पाहायचं. तडा शोधायचा. बूच बहुतेक वेळा नंतरचं असतं, म्हणून बुचावर भुलायचं नाही.

दहा सामान्य घेण्यापेक्षा थांबून एक चांगली घ्यायची. घरखर्चातले, औषधातले, कर्जाचे पैसे यात घालायचे नाहीत. पुढे किंमत वाढेल म्हणून घ्यायचं नाही. विकायला गेलं की घेणाऱ्याचा भाव वेगळाच असतो.

कायदाही माहीत हवा. हस्तिदंताच्या वस्तूंचा व्यापार आपल्या देशात बंद आहे. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू. ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही आणि तिच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो.

आणि शेवटचं, वही ठेवायची. कुठून घेतली, कुणाकडून, कितीला, विकणाऱ्यानं काय सांगितलं, आपल्याला काय दिसलं. ज्या वस्तूची हकिकत माहीत आहे तिचा मान वेगळा असतो.

हे ऐकल्यावर गटातल्या एक काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंची तपकिरीची पितळी डबी होती. झाकणावर मोर होता. त्या गेल्यावर मी ती इतर भांड्यांबरोबर मोडीत घातली, वजनावर. ती कुणी घडवली हे त्यांना कधी विचारलंच नाही." ती डबी काही लाखांची नव्हती. पण आता ती नाही आणि सांगणारीही नाही.

म्हणून आमच्या गटानं एक शंभर पानी वही घातली आहे. कर्जाच्या नोंदवहीशेजारीच ती ठेवतो. पानाला एक वस्तू. अडकित्ता, जातं, फिरकीचा तांब्या, पानाचा डबा. कुणाच्या घरची, कुणी वापरली, कुठल्या बाजारातली, कुणी घडवली. घरातली म्हातारी माणसं सांगतात, आमच्या शाळेत जाणाऱ्या मुली लिहितात. विकायचं की नाही हे ज्या त्या घरानं ठरवावं. अडीअडचणीला विकावंही लागतं. पण काय विकतो आहोत, ते माहीत असावं.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या काळचे दरबारी तपकिरीला औषध म्हणायचे. आपल्यातल्या कितीतरी जणी मशेरीला दातांचं औषध म्हणतात. सवय लागली की माणूस तिला औषधाचं नाव देतो, मग तो चीनचा दरबारी असो की आपल्या आळीतली बाई. मशेरीनं दात टिकत नाहीत, तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, आणि गरोदरपणी मशेरी लावली तर बाळाचं वजन कमी भरू शकतं. चीनमधल्या माणसांनी तपकीर सोडली आणि कुप्या जपल्या. आपणही डबी जपू या, आतलं टाकून देऊ या.

त्या पोरीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. ती अजून तिथंच कामाला आहे, पगारही कापला नाही. ती कोरी बाटली आजींनी पुन्हा कपाटात ठेवली. आजींना आता बारीक लिहिता येत नाही, म्हणून कुप्यांची वही पोरगीच लिहिते. पहिल्या पानावर तिनं लिहिलं आहे : "काचेची कुपी, नवी. आत चित्र होतं. दिवाळीत माझ्या हातून धुतलं गेलं."

मैत्रिणींनो, या आठवड्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, घरातली एक जुनी वस्तू त्यांच्या हातात द्या आणि विचारा. जे सांगतील ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुमची पानं आपण इथे वाचू.