कंधारचे भाई आणि लाल बावटा

हदगावातून बोलतोय. लहानपणी आजा 'भाई आले होते' म्हणाला की मला पिक्चरमधला डॉन दिसायचा. एकदा विचारलंच, तर म्हणाला, "मुंबईचा नाही रे येड्या, कंधारचा भाई." म्हणजे भाई केशवराव धोंडगे. शेतकरी कामगार पक्षात, आपल्या शेकापमध्ये, एकमेकांना 'भाई' म्हणायची पद्धत. कम्युनिस्टांचं कसं 'कॉम्रेड', तसंच हे.

पक्ष मूळचा आपल्याकडचा नाही. 1948 साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली. तक्रार साधी होती : स्वराज्य आलं, पण कुळाचं, शेतमजुराचं काय? 1950 मध्ये मालेगावजवळच्या दाभाडीला पक्षानं मार्क्सवादी भूमिका घेतली. आता बघा, मार्क्सचा भर कारखान्यातल्या मजुरावर, आणि इथं ऐकणारे सगळे ज्वारी-कापूसवाले! पण आपला मराठवाडा नुकताच निजामी राजवटीतून सुटला होता, त्यामुळे सावकार आणि देशमुखी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. 1952 ला हैदराबाद राज्याच्या विधानसभेत शेकापचे 10 आमदार निवडून गेले.

धोंडगे स्वतः निजामाविरुद्ध लढलेले. पुढं कंधारमधून 5 वेळा आमदार झाले. पण मला सगळ्यात भारी वाटते ती 1977 ची लोकसभा. आणीबाणीत हे तुरुंगात होते. मुख्यमंत्री कोण? आपल्याच नांदेडचे शंकरराव चव्हाण. तेच मुख्यमंत्री असताना, त्यांच्याच जिल्ह्यात काँग्रेस पडली आणि शेकापचे धोंडगे खासदार झाले. देशभर जनता पक्षाची हवा होती, ते खरंच. तरी त्या वर्षी शेकापचे 5 खासदार दिल्लीला गेले, ही काही छोटी गोष्ट नाही.

आणि 1980 ला? नांदेडहून स्वतः शंकरराव चव्हाणच निवडून आले.

मग पक्ष वाढला का नाही? माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा. काँग्रेसकडं साखर कारखाना, सोसायटी, जिल्हा बँक होती. शेतकऱ्याला कर्ज तिथंच मिळायचं. शेकापकडं मोर्चा होता, भाषण होतं. मोर्चाला यायचं शेकापच्या आणि कर्जाला जायचं काँग्रेसकडं, असं किती दिवस चालणार? खुद्द जेधेसुद्धा 1954 लाच काँग्रेसमध्ये परतले होते. आपल्याकडं तर पक्ष म्हणजे एकटे धोंडगे. कंधारच्या बाहेर, आमच्या हदगावपर्यंत, त्यांचं भाषण पोचलं, पक्षाची शाखा काही टिकली नाही.

1 जानेवारी 2023 ला शंभरी ओलांडून ते गेले. कंधारला त्यांनी काढलेली शिक्षणसंस्था अजून चालते. गावखेड्यातली लेकरं फीवाचून घरी बसू नयेत म्हणून काढलेली. नाव आहे श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. तो 'मोफत' शब्द अजून नावात आहे.