कस्तूरचंद पार्क आणि सीताबर्डीचे रणांगण

गोंडपिपरीस इतिहास शिकवीत असता सीताबर्डीची लढाई आम्ही पंधरा मिनिटांत आटोपीत असू. एका विद्यार्थ्याने एकदा विचारले, "गुरुजी, अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य अठरा हजार, इंग्रजांचे दीड हजारही नव्हते, मग आपण हरलो कसे?" "फितुरी!" असे म्हणून आम्ही पुढील पाठाकडे वळलो. ते उत्तर मनास सलत राहिले. निवृत्तीनंतर नागपुरास जाण्याचा योग आला, तेव्हा ते स्थळ मुद्दाम पाहिले.

सीताबर्डीच्या टेकडीजवळील हे विस्तीर्ण पटांगण कामठीचे धनिक सर कस्तूरचंद डागा यांच्या नावाचे आहे. मध्यभागी सुबक छत्री. येथे सभा भरतात, प्रजासत्ताकदिनी संचलन होते. नाव पार्क असले तरी सावली शोधावी लागते, हे ज्ञातिबांधवांनी ध्यानी ठेवावे. 2019 साली येथे खोदकाम चालले असता जमिनीतून जुन्या तोफा निघाल्या. टेकडीवरील किल्ला अद्याप लष्कराकडे असून लोकांस वर्षातील मोजक्याच दिवशी खुला होतो.

टेकडी पाहून आम्ही चकित झालो. केवढीशी ती! 26 नोव्हेंबर 1817 च्या सायंकाळी लढाई पेटली, ती रात्रभर चालली. सकाळी भोसल्यांच्या अरबांनी धाकटी टेकडी जिंकून तेथून थोरलीवर मारा आरंभिला. इंग्रजांचा धीर सुटत चालला होता. इतक्यात कॅप्टन फिट्झजेरल्डच्या स्वारांनी मैदानातील भोसल्यांच्या घोडदळावर झडप घालून तोफा हस्तगत केल्या. तिकडे धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, अरबांत गोंधळ माजला आणि तेवढ्यात इंग्रजांनी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सारे आटोपले. मैदानात एवढी फौज असूनही ऐन घटकेस धाकट्या टेकडीच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही. आम्ही मात्र सर्व दोष एका शब्दावर ढकलून मोकळे झालो होतो.

ही आग आमच्या चांद्यापर्यंत पोहोचली. एप्रिल 1818 मध्ये पांढरकवड्याजवळ बाजीरावाचा मोड झाला आणि मे महिन्यात कर्नल अ‍ॅडम्सने तोफांनी चांद्याचा कोट फोडला. किल्लेदार गंगासिंग तेथेच कामी आला.

तो विद्यार्थी आता पिकल्या केसांचा दुकानदार आहे. परत आल्यावर आम्ही त्याच्या दुकानी गेलो व रद्दी कागदावर दोन्ही टेकड्या काढून दाखविल्या. तो बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, "गुरुजी, तेव्हा हेच विचारले होते." त्याने कागदाची घडी घालून ती गल्ल्यात ठेवली.