घरगुती सर्व्हर : जोयडा तालुक्याच्या परिस्थितीत

घरगुती सर्व्हर : स्वतःचे संकेतस्थळ भाड्याच्या यंत्रावर न ठेवता घरातल्या संगणकावर ठेवणे आणि घरच्या इंटरनेट जोडणीतूनच ते वाचकांपर्यंत पोचवणे, या व्यवस्थेला घरगुती सर्व्हर म्हणतात. वेबची सुरुवात अशाच एका मेजावर झाली. १९९० च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत आपल्या नेक्स्ट संगणकावर पहिला वेब सर्व्हर चालवला आणि कोणी चुकून यंत्र बंद करू नये म्हणून त्यावर सूचनेची चिठ्ठी चिकटवली. पुढे संकेतस्थळे मोठमोठ्या डेटा सेंटरांत गेली, पण मूळ तत्त्व तेच राहिले. कायम चालू असणारे यंत्र, बाहेरून सापडणारा पत्ता आणि त्या पत्त्यावर येणाऱ्याला उत्तर देणारी प्रणाली, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयड्यासारख्या डोंगराळ तालुक्यात यांपैकी काय अडते आणि ती अडचण मान्य करून हा सर्व्हर कशासाठी वापरावा, याचा विचार या नोंदीत केला आहे. निष्कर्ष आधीच सांगायचा तर मूळ प्रत घरात, नक्कल बाहेर आणि संकेतस्थळाचे नाव स्वतःच्या मालकीचे, ही मांडणी येथे टिकते. निव्वळ घरावर किंवा निव्वळ भाड्याच्या जागेवर विसंबलेली मांडणी टिकत नाही.

जोयडा हा पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदी याच तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते. तिच्यावरचे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि अनेक विस्थापितांची घरे रामनगरला उभी राहिली. क्षेत्रफळाने हा जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका असला, तरी २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या जेमतेम ५२ हजार होती. बराच भाग जंगलाचा आहे आणि त्यातला मोठा हिस्सा काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. कोकणी, मराठी आणि कन्नड बोलणारी माणसे दूरदूरच्या वाड्यांवर राहतात. थोड्या घरांसाठी लांबवर केबल ओढावी लागते आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय रानात चर खणता येत नाही, हे येथल्या जोडणीच्या उणिवेचे सरळ कारण आहे. २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे 'भारतनेट' हे नाव मिळालेली केंद्राची योजना फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेते. पंचायतीपासून घरापर्यंतचे अंतर वेगळ्या उपायाने तोडावे लागते. मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यातल्या गावांत 'ग्राममार्ग' प्रकल्पाद्वारे हे अंतर बिनतारी दुव्यांनी जोडून दाखवले, तेव्हा शेवटच्या काही किलोमीटरांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे हे नक्की. जिथे घरापर्यंत जोडणी पोचली आहे, तिथपासून पुढचा विचार सुरू होतो.

पहिली शंका वेगाची घेतली जाते, पण हिशेब मांडला की ती मागे पडते. दोनशे केबीचे एक पान म्हणजे १६ लाख बिट. घराबाहेर पाठवण्याचा वेग १० एमबीपीएस असेल, तर सेकंदाला सहा पाने जाऊ शकतात. जोयड्याच्या कंदमुळांच्या मेळ्याची माहिती, कुणबी समाजाने जपलेल्या कंदांच्या जाती किंवा एखाद्या वाडीचा इतिहास मांडणाऱ्या पानांना एवढा वेग पुरून उरतो. पाच एमबीचे छायाचित्र मात्र याच जोडणीवर चार सेकंद घेते, म्हणून चित्रे आधी लहान करून घ्यावीत आणि व्हिडिओ घरून दाखवण्याचा हट्ट सोडावा. विजेचा खर्चही मोठा नाही. २०१२ पासून बाजारात असलेल्या रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकाला सुमारे ५ वॅट लागतात. राउटर आणि फायबरची पेटी धरून १५ वॅट मानले, तरी वर्षाला सुमारे १३१ युनिट होतात.

खरी अडचण पत्त्याची आहे. इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या आयपीव्ही-४ या जुन्या पद्धतीत सुमारे ४३० कोटी पत्ते मावतात आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे सेवा देणाऱ्या कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. टपाल वाड्याच्या दिंडीदरवाजापर्यंत येते, आतल्या कोणत्या बिऱ्हाडी द्यायचे ते टपालवाल्याला कळत नाही, तशी ही स्थिती असते. राउटरच्या माहितीपानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि त्यातला दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमधला असेल, तर आपली जोडणी अशी सामायिक आहे असे समजावे, कारण २०१२ मध्ये हे पत्ते याच कामासाठी राखून ठेवले गेले. यातून तीन वाटा निघतात. जादा पैसे देऊन स्थिर पत्ता घेता येतो. आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीचा पत्ता मिळत असेल तर तो वापरता येतो, पण ज्या वाचकाकडे फक्त आयपीव्ही-४ आहे त्याला ते पान दिसत नाही. तिसरी वाट टनेलची : घरातला संगणक आतून बाहेरच्या एखाद्या लहान यंत्राशी वायरगार्डसारखी सुरक्षित जोडणी उघडून ठेवतो आणि वाचक त्या यंत्रामार्फत घरापर्यंत येतात. मोबाइल जोडणीवर चालणाऱ्या घरांना बहुधा ही तिसरी वाटच उरते.

दुसरी अडचण सातत्याची आहे. पावसाळ्यात झाड पडून वीज गेली, तर इन्व्हर्टर कामाला येतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च वजा केला, तरी एवढ्याशा यंत्रांचा सुमारे एक दिवस निघतो. पण फायबर विजेच्याच खांबांवरून आले असेल, तर तेच झाड दोन्ही तारा तोडते आणि घरातली भरलेली बॅटरी संकेतस्थळाला वाचवू शकत नाही. क्रिस द डेकर यांच्या 'लो-टेक मॅगझीन' या नियतकालिकाने २०१८ मध्ये बार्सिलोनातील घराच्या बाल्कनीत सौर पॅनेल लावून घरगुती सर्व्हर सुरू केला. ढगाळ दिवसांत तो बंद पडू शकतो, हे वाचकांना उघड सांगितलेले आहे, आणि पहिल्या वर्षात तो सुमारे ९५ टक्के वेळ चालू राहिला. भूमध्य सागराच्या उन्हात जे साधले ते सह्याद्रीच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात साधणार नाही. त्या उदाहरणातून घ्यायचे ते त्याच्या साध्या, आधीच तयार करून ठेवलेल्या पानांचे तंत्र. अशी पाने म्हणजे निव्वळ फायली असतात, त्यांची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवायला काही मिनिटे लागतात आणि घरची जोडणी तुटली की नक्कल पुढे करता येते.

मग सगळेच बाहेर का ठेवू नये, हा आक्षेप रास्त आहे. भाड्याची जागा स्वस्त आहे आणि काही ठिकाणी ती फुकटही मिळते. पण फुकट जागेचे आयुष्य दुसऱ्याच्या हाती असते. लाखो लोकांची पाने सांभाळणारे जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले; भारतात लोकप्रिय झालेले ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. ज्यांच्याकडे स्वतःची प्रत नव्हती त्यांतल्या अनेकांचे लिखाण या सेवांबरोबर गेले. टनेल घेतला की बाहेरच्या यंत्रावर अवलंबून राहावे लागतेच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, पण ते अवलंबन रस्त्यापुरते आहे. मजकूर घरात आणि नाव स्वतःचे असेल, तर एक रस्ता बंद झाल्यावर दुसरा घेता येतो. म्हणून डोमेन नाव स्वतः नोंदवणे याला सर्वाधिक महत्त्व आहे. नावाच्या शेवटी लागणारा देवनागरीतला .भारत हा प्रत्ययही २०१४ पासून उपलब्ध आहे.

सुरक्षेचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला शिस्त हेच उत्तर आहे. सर्व्हरसाठी वेगळा संगणक ठेवावा, कुटुंबाची कागदपत्रे त्यावर ठेवू नयेत, राउटरवर लागतील तेवढेच पोर्ट उघडावेत आणि प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी. एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीसाठी लागणारे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून विनामूल्य देते, त्यामुळे खर्चाची सबब उरलेली नाही. अनेक कंपन्यांच्या घरगुती करारात सर्व्हर चालवण्यावर मर्यादा असते, तेव्हा करार वाचून आणि गरज पडल्यास परवानगी घेऊनच सुरुवात करावी. यंत्राची सुरक्षाही यातच येते. वीज कडाडते तेव्हा धोका विजेच्या तारेतून येतो, काचेच्या फायबरमधून नाही. चांगले अर्थिंग नसेल तर यंत्र वाचेलच असे नाही.

ज्या तालुक्याचे मुख्य गाव धरणाखाली गेले, तिथे एकाच जागी ठेवलेली वस्तू किती टिकते हा प्रश्न पुस्तकी नाही. घर ही एकच जागा आहे आणि दूरच्या कंपनीचे यंत्र हीही एकच जागा आहे. जोयड्यातल्या घरगुती सर्व्हरचे मोल तो वर्षातले किती तास चालू राहिला यावर ठरवू नये. गावाविषयीचा मजकूर गावातल्याच माणसाच्या हाती राहावा, यासाठी तो आहे. त्यामुळे आधी डोमेन नाव नोंदवावे, मग नकलेची सोय करावी आणि त्यानंतरच घरातल्या यंत्राचे बटण दाबावे.