फॉरमॅट मारणे

विंडोज ९८ च्या काळात कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर एकच रामबाण औषध होतं: फॉरमॅट मारणे! आमच्या अड्याळसारख्या, भंडारा-पवनी रस्त्यावरच्या गावात तर त्याची गरज फार पडायची. लोडशेडिंगचे दिवस. फाइल सेव्ह होत असतानाच वीज गेली की डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहत, आणि असं बरेचदा झालं की एक दिवस विंडोज सुरूच होत नसे. मग भंडाऱ्याहून कुणी जाणकार बूट फ्लॉपी घेऊन येई आणि काळ्या पडद्यावर आज्ञा देई. सगळा डेटा जाईल, पुढे जाऊ का, असं मशीन विचारी. तो ‘वाय’ दाबी.

गंमत म्हणजे डेटा तेव्हा जात नसेच. फाइल डिस्कवर तुकड्या-तुकड्यांनी ठेवलेली असते आणि कुठला तुकडा कुठे, याची यादी ‘फॅट’ नावाच्या तक्त्यात. त्या काळचा फॉरमॅट हा तक्ता कोरा करी आणि डिस्कवर खराब जागा आहेत का ते तपासी. तलाठ्याचं दप्तर जळलं म्हणून शेतं जळत नाहीत, तसंच हे. म्हणून तर रिकव्हरीवाल्यांना जुन्या फाइली सापडत. पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळीकडे खरोखर शून्यं लिहिणं विंडोजमध्ये आलं ते व्हिस्टापासून, म्हणजे २००७ मध्ये.

मराठीचं मात्र वेगळंच नुकसान झालं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोजमध्ये ती आली २००० साली, ‘मंगल’ फॉन्टसोबत. तोवर शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांवर काम चाले. फाइलमध्ये साठवलेले असत रोमन अक्षरांचेच क्रमांक. त्यांना मराठी रूप देई तो फॉन्ट. आणि फॉन्ट असे सी ड्राइव्हवर! फाइली डी ड्राइव्हवर किंवा सीडीवर सुखरूप, पण फॉरमॅटनंतर लग्नपत्रिका उघडली की रोमन अक्षरांचा नुसता काला.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे रुमाल असेच पडून आहेत. कागद शाबूत, वाचणारे मोजके. मोडीला तिथवर यायला काही पिढ्या लागल्या. आपल्या फाइलींना एक दुपार पुरली.

असो. त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आज मिळतात. कपाटात जुन्या सीड्या असतील, तर फॉन्टचं नाव आठवतंय तोवर त्या एकदा उघडून बघा.