चंद्रपूर-गडचिरोलीचे पक्षी: कोणत्या ऋतूत कुठे काय दिसतं?

चंद्रपूर म्हटलं की लोकांना वाघ आणि कोळसा आठवतो, गडचिरोली म्हटलं की घनदाट जंगल. इथल्या पक्ष्यांची चर्चा त्यामानाने कमीच होते. पण साग-बांबूचं जंगल, जुने तलाव, धानाची शेती आणि वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी या नद्या असं सगळं एकाच टापूत असल्याने इथे बाराही महिने पक्ष्यांची ये-जा सुरू असते.

या पक्ष्यांचं वर्ष समजून घेताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रत्येक ऋतूतले पक्षी अशा कुठल्या ना कुठल्या गोष्टीवर अवलंबून आहेत, जी माणसाच्या हातात आहे. कधी तो तलाव असतो, कधी नदीतली वाळू, तर कधी गुरांना दिलेलं औषध.

वर्षभर दिसणारे पक्षी

हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. कबुतराच्या कुळातला, हिरवट-पिवळा आणि पिवळ्या पायांचा. उंबर, वड, पिंपळ पिकले की त्यांचे थवे झाडावर उतरतात, पण पानांत असे मिसळतात की फांदी हलल्याशिवाय दिसत नाहीत.

राखी धनेशाला जुनी, ढोली असलेली झाडं लागतात. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. नर तिला आणि पिल्लांना त्या फटीतून फळं, किडे भरवतो. म्हणून ढोलीचं एक झाड तोडलं तर धनेशाचं घर जातं, आणि तशी ढोली तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात.

याशिवाय इतर पक्ष्यांची नक्कल करणारा भृंगराज, लांब शेपटीचा टकाचोर, सर्पगरुड आणि मोर इथे नेहमी दिसतात. ताडोबा तलावाच्या काठी राखी डोक्याचा मत्स्यगरुडही दिसतो. रानकोंबड्यांची गोष्ट तर खास आहे. पूर्व आणि उत्तर भारतातला लाल रानकोंबडा आणि दक्षिण-पश्चिमेकडचा राखी रानकोंबडा या दोघांच्या हद्दी गोदावरीच्या या पट्ट्यात एकमेकींना भिडतात.

हिवाळा: मामा तलावांचे पाहुणे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून ते बांधले गेले आणि त्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा होता. पुढे ते मालगुजारांकडे आले. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले, म्हणून ‘माजी’.

तलाव बांधले धानाला पाणी मिळावं म्हणून. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत त्यांवर उत्तरेकडून येणारी बदकं उतरतात. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचं तलवार बदक, नारिंगी-तपकिरी चक्रवाक ही त्यातली काही. विदर्भातल्या मोठ्या जलाशयांवर पट्टकदंबही येतात. हे हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात.

सगळ्या बदकांना खोल पाणी चालत नाही. अनेकांना पाणवनस्पती असलेला उथळ काठ लागतो. गाळ साचला, काठावर अतिक्रमण झालं किंवा बेशरमची झुडपं माजली की पाणी असूनही तलाव पक्ष्यांच्या कामाचा राहत नाही. यावर उपाय आहे. भंडारा-गोंदिया भागात ढिवर समाजाच्या लोकांनी बेशरम काढून, देशी पाणवनस्पती लावून तलाव सुधारले आहेत. त्याने मासेही वाढतात, म्हणजे फायदा फक्त पक्ष्यांचा नाही.

उन्हाळा: फुलं, वणवा आणि वाळू

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि सावर फुलतात. तेव्हा झाडावर पक्ष्यांची अक्षरशः जत्रा भरते. सूर्यपक्षी, कोतवाल, मैना, बुलबुल मधासाठी येतात. गुलाबी-काळ्या भोरडीचं तर एक नावच ‘पळसमैना’ आहे. परतीच्या लांब प्रवासाआधी ती इथे पोट भरून घेते.

त्यानंतर मोहफुलांचा आणि तेंदूपानांचा हंगाम येतो. हजारो कुटुंबांची वर्षाची रोख कमाई यावर असते. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. ही आग पसरली की जमिनीवर अंडी घालणाऱ्या रातवा आणि टिटवीसारख्या पक्ष्यांची वीण जळून जाते. झाडाखाली जाळी अंथरून फुलं गोळा केली तर आग लावावी लागत नाही आणि फुलंही स्वच्छ मिळतात.

याच दिवसांत नद्यांचं पाणी उतरतं आणि वाळूची बेटं उघडी पडतात. नदी सुरय हा पक्षी अशा वाळूतच साधा खळगा करून अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची असल्याने कुत्र्यांपासून थोडी वाचतात, पण ट्रॅक्टरच्या चाकापासून नाही. ऐन विणीच्या काळात होणारा वाळूउपसा म्हणूनच घातक ठरतो.

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांपर्यंत जातो. तेव्हा जंगलातल्या लहानशा पाणवठ्यावर सकाळी आणि संध्याकाळी पक्ष्यांची गर्दी होते. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक पाहायची ही चांगली वेळ.

पावसाळा: विणीचा हंगाम

मेअखेरीस नवरंग येतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून तो विणीसाठी मध्य भारतात परततो. पहाटे त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे आफ्रिकेतून चातक पोहोचतो. पावशा ओरडू लागला की शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. चातक आणि पावशा दोघेही स्वतः घरटं बांधत नाहीत, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात.

तलावात तेव्हा कमळपक्षी पानांवरून चालताना दिसतो. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम नर करतो. धानाच्या बांधीत उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी शोधतो.

सर्वात नाजूक स्थिती सारसाची आहे. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा जगातला सर्वात उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. भंडारा आणि चंद्रपुरात अगदी मोजके पक्षी नोंदले गेले. तो धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठाला घरटं करतो, साधारण दोनच अंडी घालतो. कीटकनाशकं, विजेच्या तारा आणि आटत चाललेल्या पाणथळ जागा हे त्याचे मुख्य धोके. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती.

गिधाडं का नाहीशी झाली?

डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुरांना दिलं जायचं. औषध दिल्यावर लगेच जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. १९९० च्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे.

गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे संख्या सावरायला वेळ लागतो. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी ‘उपाहारगृहं’ सुरू केली, जिथे औषधाचा अंश नसलेली मेलेली जनावरं ठेवली जातात. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं ताडोबातल्या बोटेझरीला आणली गेली. त्याच वर्षी पावसाळ्यात ती निसर्गात सोडण्यात आली. पाठीवर जीपीएस टॅग असलेलं त्यातलं एक गिधाड थेट तामिळनाडूत पोहोचलं.

पक्षी पाहताना आणि पोस्ट करताना

- घरट्याचा फोटो आणि नेमकं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका. गर्दी झाली की पक्षी घरटं सोडून जाऊ शकतात.
- मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. विणीच्या काळात त्याने त्यांची शक्ती वाया जाते.
- पोपट, मुनिया, तितर पकडणं किंवा पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे.
- घरी गुरं असतील तर पशुवैद्यकाकडे गिधाडांना सुरक्षित औषधच मागा.
- दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. गावच्या तलावाची नोंद त्यात कुणीही करू शकतं.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. ज्या तलावावर किती पक्षी येत होते याची नोंदच नाही, तो बुजवला गेला तर काय गमावलं हे कुणालाच दाखवता येत नाही.